‘शांती’वाल्यांचे खेळ

१९९४ साली दूरदर्शनवर दुपारची ‘शांती’ लागायची, आठवते का? आमच्या वयाच्या बायकांना नक्की आठवत असेल. मी त्या वेळी शाळेत असायचे, त्यामुळे मला ती फक्त सुट्टीत दिसायची आणि मधल्या भागांत काय काय झालं ते शेजारच्या वहिनी भाजी निवडता निवडता सांगायच्या. ती मालिका मुंबईच्या यूटीव्ही कंपनीची. रॉनी स्क्रूवालांनी १९९० मध्ये काढलेली ही कंपनी. पुढे २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ काढणारे तेच. तर याच कंपनीच्या मालकीचा एके काळी जपानात, थेट टोकियोत, व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ होता! ‘शांती’ पाहणाऱ्या आम्हा बायकांना कुणी हे सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

मी या वयात हे शोधत बसले त्याला कारण आमची नात. चित्रकलेची पदवी घेतली आणि पुण्यातल्या एका गेम कंपनीकडून तिला नोकरीचं पत्र आलं. सूनबाईंचा पहिला प्रश्न, “ती जुगाराची कंपनी नाही ना गो?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून गेम म्हटलं की लोकांना तेच आठवतं. नात हसली. म्हणाली, “आई, मी तिथे झाडं आणि दगड काढणार आहे.” खेळातल्या डोंगरदऱ्या, वाडे, झाडंझुडपं कुणीतरी काढावीच लागतात, ते हिचं काम.

ती अडली होती दुसऱ्याच ठिकाणी. करारात एक कलम होतं. नोकरीत असताना जे काही काढशील ते सगळं कंपनीचं, आणि कंपनी दुसऱ्या कुणी घेतली तर ते त्यांचं. “आजी, उद्या कंपनी विकली तर माझी चित्रं कुणाची?” मी म्हटलं, थांब जरा. स्थळ आलं की आपण घराण्याची चौकशी करतो ना, तशी या धंद्याची करू. भाच्याने चार ठिकाणचं वाचायला काढून दिलं आणि मी वहीत टिपणं काढत बसले. (बी.ए.ला इतिहास होता, तो असा कामाला आला.)

आधी थोडं प्रकाशकाविषयी. पुस्तकाचं कसं, लेखक लिहितो, प्रकाशक पैसे घालतो, छापतो, दुकानांत पोचवतो. गेमच्या धंद्यातही प्रकाशक असतो आणि त्याचं काम साधारण तेच. फरक एवढाच की एका खेळावर पन्नास-शंभर माणसं दोन-तीन वर्षं राबतात आणि त्या सगळ्यांचे पगार खेळ विकायच्या आधीच द्यावे लागतात. म्हणजे पैसे घालणाऱ्याचा हात आखडला की अर्धवट खेळ तिथेच राहतो.

आपल्याकडे या धंद्यातलं जुनं नाव म्हणजे मुंबईची इंडियागेम्स. विशाल गोंदल या तरुणाने ती १९९९ मध्ये सुरू केली. कारगिलच्या लढाईवरचा त्याचा एक खेळ त्या काळी बराच गाजला होता. पुढे मोबाइल आले आणि कंपनी मोबाइलवरच्या खेळांकडे वळली. ते आपले बटणांचे छोटे फोन. त्यावर खेळ घ्यायचा तर पैसे फोनच्या बॅलन्समधून कापले जायचे आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनीच ठेवून घ्यायची. तरी धंदा वाढला. मग २००५ च्या सुमारास चीनच्या टॉम ऑनलाइनने तिचा मोठा हिस्सा घेतला. २००७ मध्ये यूटीव्हीने घेतला. २०१२ मध्ये डिस्नेने आख्खी यूटीव्हीच ताब्यात घेतली, त्यात इंडियागेम्सही गेली. आणि २०१६ मध्ये डिस्नेने भारतातला हा खेळांचा विभाग बंद केला. सतरा वर्षांत चार धनी! गोंदल त्याआधीच बाहेर पडून दुसऱ्या धंद्यात गेले होते.

आमच्या दारावरच्या महामार्गाचाही मधे नंबर बदलला, सतराचा सहासष्ट झाला. पण रस्ता जागेवर राहिला (खणून जेवढा उरलाय तेवढा). या खेळांचं तसं झालं नाही. ‘बायोशॉक’ म्हणून एक गाजलेला अमेरिकन खेळ आहे, तो छोट्या फोनवर बसवायचं काम २०१० मध्ये इंडियागेम्सने केलं. दोन इंचांच्या पडद्यावर तेवढं सगळं चितारणं म्हणजे तांदळावर गणपती काढण्यासारखंच. पण ते फोन गेले, खेळ विकणारी मोबाइल कंपन्यांची पानं गेली, आणि मालकाने विभागच बंद केल्यावर नव्या फोनसाठी ते पुन्हा कोण करून देणार? शाळेच्या ग्रंथालयात पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक वाळवी लागलेलं का होईना, मिळतं. हा तर आत्ता आत्ताचा खेळ, आणि तो दुकानात मागून मिळत नाही.

आता टोकियोचं. २००७ मध्येच यूटीव्हीने इग्निशन नावाची एक इंग्लंडमधली गेम कंपनी घेतली. चित्रपट, मालिका, मोबाइलचे खेळ आणि मोठे खेळ असं सगळंच एका छताखाली आणायचा बेत होता. माझ्या मते हा घास जरा मोठाच होता. इग्निशनचे लंडनमध्ये आणि अमेरिकेत फ्लोरिडात स्टुडिओ होते. २०१० मध्ये ते दोन्ही बंद झाले आणि तिथे बनत असलेले खेळ बाजारात आलेच नाहीत. तिथेही कुणीतरी झाडं आणि दगड काढलेच असतील की!

टोकियोच्या स्टुडिओचा खेळ मात्र पुरा झाला. ‘एल शद्दाई’ त्याचं नाव, २०११ मध्ये आला. बायबलच्या काळातली हनोखाची जी प्राचीन कथा आहे, तिच्यावर बेतलेला. दिग्दर्शक सावाकी ताकेयासु, मुळात चित्रकार, ‘ओकामी’ या खेळातली पात्रं त्यांनीच रेखाटलेली. नातीने मला त्यातली चित्रं दाखवली. मला खेळायचं काही कळत नाही, पण जलरंगात पाणी जास्त झालं की रंग जसे एकमेकांत उतरतात ना, तसं ते आकाश आहे. मी बराच वेळ बघत बसले.

खेळाचं कौतुक पुष्कळ झालं, तरी स्टुडिओ टिकला नाही. यूटीव्ही डिस्नेकडे गेल्यावर इग्निशनचं नावही पुसलं गेलं. इथे नेहमीप्रमाणे गोष्ट संपायची. पण ताकेयासुंनी आपली छोटीशी कंपनी काढली आणि २०१३ मध्ये त्या खेळाचे हक्क विकत घेतले. स्वतः काढलेल्या खेळाचे हक्क, विकत! आणि २०२१ मध्ये तो खेळ संगणकावर पुन्हा आणला. म्हणून तर आम्हा दोघींना तो हातखंब्यात बसून पाहता आला.

हे वाचलं तेव्हा नात गप्प झाली. मग भाच्याला फोन लावून कायद्याचं विचारलं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या सतराव्या कलमानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे तिच्या करारात कुणी काही गैर लिहिलेलं नव्हतं. पण ‘वेगळा करार केला नसेल तर’ हे शब्दही कायद्यातच आहेत, ते मी तिला पेन्सिलने अधोरेखित करून दाखवले. सवय जात नाही.

सूनबाईंचं म्हणणं, नवीन माणसाने रुजू व्हायच्या आधीच असलं काही विचारू नये, नोकरी हातची जाईल. मुलगा म्हणाला सही कर आणि गप्प बस, सगळेच करतात. मला ते पटलं नाही. झाडं-दगडांची मालकी मागू नकोस, ती कुणी देणार नाही. पण खेळ बाजारात आला की आपली चित्रं आपली म्हणून दाखवता यावीत, खेळात आपलं नाव यावं, आणि घरी रविवारी वहीत जे काढशील ते तुझंच राहावं, हे तीन मुद्दे लेखी माग, असं मी तिला सांगितलं. पत्राचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला. तिने इंग्रजी पाहिलं, मी अदब पाहिली.

पत्र जाऊन आज पाच दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. रुजू व्हायची तारीख एक आहे. नातेवाइकांपैकी किंवा वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल या धंद्यात असेल तर त्याच्या करारात या तीन गोष्टींबद्दल काय लिहिलंय ते विचारून मला जरूर कळवा, एक तारखेच्या आत.