पांझरेच्या कांठानें सायकलवरून

सुटींत कोठें जावयाचें हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या घरांतून महाबळेश्वर, माथेरान, फार झालें तर काश्मीर, एवढींच नांवें ऐकूं येतात. खानदेशाचें नांव काढणारा मनुष्य एक तर तिकडचा असतो, नाहींतर त्याची थट्टा होते. खानदेश म्हणजे रखरखीत ऊन, कापूस, केळी आणि तापीचें सपाट खोरें, असा आपला ठाम समज आहे. हा समज ज्यास घालवावयाचा असेल त्यानें दिवाळीनंतर एक सायकल घेऊन धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील पिंपळनेर गांठावें. सह्याद्रीच्या उत्तरेकडील अखेरच्या रांगा तेथें एकमेकींस खेटून उभ्या आहेत. त्यांच्या कुशींत पांझरा नदी अडवून केलेला लाटीपाड्याचा जलाशय आहे. आणि गांवाच्या दक्षिणेस, पश्चिमेस, कोठेंही तोंड वळविलें तरी घाट समोर येतो. सायकलस्वारास ह्याहून अधिक काय हवें!

युरोपांत आल्प्सच्या पायथ्याशीं, फ्रान्समध्यें, ॲन्सी नांवाचें एक सरोवर आहे. त्याच्या भोंवतीं सुमारें 40 किलोमीटरांची सायकलफेरी असून तिचा कांहीं भाग जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावरून जातो. शेजारच्या सेम्नोझ डोंगराची चढण सुमारें 11 किलोमीटरांची. 2013 सालच्या शंभराव्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतींत शेवटून दुसऱ्या दिवसाची धांव त्याच माथ्यावर संपली. पुण्यामुंबईच्या सायकलवेड्या तरुणांच्या तोंडीं हीं नांवें असतात. लाटीपाड्यास तळ्याभोंवतीं असा खास मार्ग कोणीं बांधलेला नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. पण दोहोंतील खरा भेद रस्त्याचा नव्हे, पाण्याचा आहे. ॲन्सीचें सरोवर हिमनद्यांनीं कोरलेलें. त्याचें पाणी वर्षभर जवळजवळ एकाच पातळीवर राहतें, म्हणून त्यास प्रदक्षिणा घालून मनुष्य तृप्त होतो. लाटीपाड्याचें पाणी भाद्रपदांत कांठोकांठ, माघांत निम्मे, वैशाखांत तळाशीं. तें कोठून आलें आणि कोठें गेलें हें पाहिल्यावांचून त्या तळ्याची ओळख पटत नाहीं. म्हणून येथें वळसा घालावयाचा नाहीं. पाण्याच्या वरच्या अंगास चढावयाचें आणि खालच्या अंगास उतरावयाचें.

आम्ही तिघें गेलों होतों: मी, माझा भाचा आणि थोरल्या बंधूंची कन्या. मुलीनें घाटांत सायकल हांकावी कीं नाहीं ह्यावर घरांत चार दिवस खल झाला. आमच्या मातोश्रींचें म्हणणें असें कीं, “पोर दमेल, आणि परक्या मुलखांत तिला विचारणार कोण?” पुतणीनें वाद घातला नाहीं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें 2018 सालीं सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तो वृत्तान्त तिनें आजीस वाचून दाखविला. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं 2015 सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत दोघांच्या जोडीनें पुरी केली, हेंही पुढें आलें. तेव्हां मीं 1923 सालीं मुंबईहून निघून 1928 सालीं जगाची फेरी पुरी करून परतलेल्या हकीम, बापासोला व भुमगरा ह्या पारशी तरुणांची आठवण काढली. मातोश्री म्हणाल्या, “जग राहूं द्या, पिंपळनेराहून रोज रात्रीं फोन करा म्हणजे झालें.” वहिनींनीं दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे बांधून दिले. परवानगी मिळाली ती अशी.

खानदेश-बागलाणांत खिंडीस ‘बारी’ म्हणतात. शेलबारी, डोलबारी, कोंडाईबारी हीं नांवें नकाशावर पाहिलीं कीं, डोंगराच्या भिंतींत कोठें कोठें दरवाजे आहेत हें न सांगतां कळतें. नाशिककडून येणाऱ्यानें सटाणें, ताहाराबाद करीत शेलबारीनें पिंपळनेरांत उतरावें. ताहाराबाद मोसम नदीच्या खोऱ्यांत, पिंपळनेर पांझरेच्या. मधें शेलबारीची रांग. ताहाराबादेहून पिंपळनेर वीस-पंचवीस किलोमीटर भरतें. शिकाऊ सायकलस्वारालाही तें झेपेल. सोडतांना डावीकडे मांगी-तुंगीचीं जोडशिखरें दिसूं लागतात. जैनांचें हें प्राचीन सिद्धक्षेत्र. तेथें डोंगराच्या अखंड कातळांत ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ति कोरून 2016 सालीं पुरी झाली. ज्यास एक दिवस अधिक असेल त्यानें तेथें अवश्य जावें. मात्र पायऱ्या चढून आलेल्या पायांनीं त्याच दिवशीं बारी चढूं नये.

चढणीचें तंत्र थोडक्यांत सांगतों. मागच्या चाकाचें सर्वांत मोठें दातेरी चक्र चढण लागण्यापूर्वीच लावावें. जोर लावून झाल्यावर सांखळी बदलूं पाहिली तर ती घसरते. उभें राहून पायडल मारण्याची मर्दुमकी पहिल्या पांच मिनिटांत ओसरते. बसून, श्वास एकसारखा ठेवून, पायांचा ठेका न मोडतां जावें. उतारावर ब्रेक सतत दाबून धरूं नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. नाहींतर चाकाची कड तापते, आणि कडेवर दाबणारा रबरी ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. आमच्या भाच्यास हें सांगितलें तेव्हां तो, “मामा, हें सारें ठाऊक आहे,” म्हणाला, आणि पहिल्याच वळणावर माझ्यामागें मुकाट्यानें आला.

पिंपळनेर हें आज साक्री तालुक्यांतील एक बाजाराचें गांव आहे. पण इंग्रजी अमदानींत तालुकाच पिंपळनेरच्या नांवानें ओळखला जात असे. 1906 सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, 1998 सालीं पश्चिमेकडील भागांतून नंदुरबार वेगळा निघाला. पिंपळनेर धुळ्याकडे राहिलें. ह्या डोंगरांतील रोशा गवताचें सुवासिक तेल एके काळीं दूरवर जात असे. बाजाराच्या दिवशीं अहिराणी, कोंकणी, मावची आणि भिली ह्या चार बोली एका दुकानाच्या पायरीवर ऐकूं येतात. सायकली पाहून एका म्हाताऱ्यानें विचारलें, “कोठे जाई ऱ्हायनात, भाऊ?” तळ्यावर, असें सांगतांच त्याच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य उमटलें त्यांत थोडी करुणाही होती.

तळें गांवाच्या वरच्या अंगास आहे. पहाटे निघावें म्हणजे ऊन पाठीवर राहतें. धरणाची भिंत दिसते तेव्हां मन थोडें खट्टू होतें, कारण खालून पाहतां तो केवळ एक लांबलचक बांध आहे. वर पोहोंचतांच मात्र सारें पालटतें. समोर निळसर पाणी, त्याच्या पलीकडे एकामागून एक फिकट होत गेलेल्या डोंगरांच्या ओळी, आणि कांठाच्या उथळ पाण्यांत एका पायावर उभे असलेले बगळे. वारा पडलेला असला तर डोंगर उलटे होऊन पाण्यांत उतरतात. आम्ही तेथें तासभर बसलों. बोललों फारसें नाहीं. पाण्याच्या कडेनें ओल्या चिखलाचा एक पट्टा होता. मागल्या पंधरवड्यांत पाणी किती उतरलें ह्याची ती सरकारी वहीपेक्षां स्पष्ट नोंद. जलाशय असा मागें हटूं लागला कीं उघड्या पडलेल्या गाळावर जें पीक घेतात त्यास ‘गाळपेर’ म्हणतात. पुतणीनें हा शब्द प्रथमच ऐकला व वहींत लिहून घेतला.

वरच्या अंगास निघालों कीं वस्ती पाड्यांची लागते. साग, मोह, पळस, कौलारू घरें, अंगणांत वाळत घातलेली नागली आणि भात. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेच्या सुमारास आलें तर ‘डोंगऱ्या देवा’चा उत्सव चालूं असतो, आणि रात्रीं पावरीचे सूर एका पाड्यावरून दुसऱ्यावर जातात. ह्याच डोंगरपट्ट्यांत बारीपाडा आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ह्या पाड्याभोंवतालचे डोंगर तोडीनें उघडे पडले होते व बायकांना पाण्यासाठीं लांब जावें लागे. तेथील श्री. चैत्राम पवार ह्यांनीं गांवकऱ्यांस एकत्र करून तोड बंद केली, नियम मोडणारास दंड बसविला, बांध घातले आणि 400 हेक्टरांहून अधिक जंगल राखलें. 2025 सालीं त्यांस ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पावसाळ्यांत तेथें रानभाज्यांची पाककला-स्पर्धा भरते. ज्या भाज्यांचीं नांवेंही आपल्या स्वयंपाकघरांत ठाऊक नाहींत अशा कित्येक भाज्या तेथील बायका रांधून मांडतात. गृहिणींस ह्या प्रवासांतील हें स्थळ सर्वांत अधिक आवडेल असें मला वाटतें.

बारीपाड्याकडे जातांना रस्त्याच्या दोन बाजूंतला फरक सायकलवरून जसा कळतो तसा मोटारींतून कळत नाहीं. उघड्या टेंकडीपाशीं वारा कोरडा लागतो. राखलेल्या झाडीपाशीं येतांच अंगावर गारवा येतो व दिवाळी उलटून गेली तरी ओहोळ वाहतांना ऐकूं येतो. डोंगर उघडा पडला म्हणजे पावसाचें पाणी एकदम माती घेऊन येतें आणि धरणाच्या पोटांत ती माती कायमची बसते. झाडी असली म्हणजे पाणी मुरून हळूहळू झिरपतें. भूगोलाच्या पुस्तकांत हें प्रत्येकानें पाठ केलेलें असतें. येथें तें मांड्यांना आणि कानांना समजतें.

पश्चिमेकडे नवापूरला जाणारा चरणमाळ घाट हा ह्या भागांतील सर्वांत रम्य उतार, आणि सर्वांत धोक्याचाही. वळणें आंखूड, एका अंगास दरी, आणि समोरून भरधाव येणारीं वाहनें. आम्ही तो सकाळीं लवकर उतरलों, एकामागें एक, दोन सायकलींत तीस हात अंतर ठेवून. संध्याकाळीं किंवा धुक्यांत तो मुळींच उतरूं नये, आणि लहान मुलांस तर नेऊंच नये. दहिवेलपुढचा कोंडाईबारीचा रस्ता रुंद आहे खरा, पण धुळें-सुरत महामार्गाचा मालट्रकांचा लोंढा तेथून जातो; त्यावर सायकल घालण्यांत सौख्यही नाहीं आणि शहाणपणही नाहीं. चरणमाळनें उतरलेल्यास नवापूरचें स्टेशन पाहावयास मिळतें. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रांत व अर्धा गुजराथेंत असून, राज्यांची सीमा फलाटावरून जाते. भाचा एका बांकाच्या ह्या टोकास बसला, पुतणी त्या टोकास, आणि दोघांनीं दोन राज्यांतून एक दशमी वांटून खाल्ली.

पुन्हा पिंपळनेरास येऊन आम्ही नदीच्या खालच्या अंगास निघालों. इकडे रस्ता जवळजवळ सपाट. साक्रीपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर, आणि दूर उत्तरेकडील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा. देखावा म्हणाल तर वरच्यापेक्षां उणा. परंतु मला स्वतःला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला, कारण ‘फड’ येथें आहेत.

फडपद्धति कित्येक शतकांची जुनी. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर ठिकठिकाणीं दगडी बंधारे घालून पाणी पाटानें शेतांत नेलेलें असे. एका बंधाऱ्याखालीं जेवढी जमीन भिजे तें त्याचें थळ. थळाचे सामान्यतः तीन-चार मोठे तुकडे, ते फड. एका फडांत सगळ्यांनीं एकच पीक घ्यावयाचें, पुढच्या वर्षीं तें दुसऱ्या फडांत न्यावयाचें. बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळें, दुष्काळाच्या वर्षीं एकच फड भिजविला तरी त्यांत पुष्कळांचा वांटा राही. पाणी फिरविण्यास पाटकरी, पिकाची राखण करण्यास जागल्या, तंटा तोडण्यास पंच; ह्यांना मोबदला गांवानेंच द्यावयाचा, आणि पाट साफ करावयास सर्वांनीं जावयाचें. कारभार सरकारचा नव्हे, गांवाचा.

ही व्यवस्था ऐकून पुतणी म्हणाली, “काका, हें आपल्या घरासारखेंच झालें.” उपमा चांगली होती. आणि एकत्र कुटुंबें ज्या कारणांनीं मोडलीं त्यांहून हीं कारणेंही फारशीं निराळीं नाहींत. नदीवर वर मोठें धरण झालें, तिचा बारमाही ओघ पालटला. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी त्यास पंचांची गरज उरली नाहीं, आणि पाट साफ करावयास तो येईनासा झाला. पुष्कळ फड मोडले, कांहीं अजून चालूं आहेत. खालीं अक्कलपाड्यास पांझरेवर दुसरें धरण आहे. धुळें शहरास तेथून पाणी जातें. शहरांत तोटी सोडणारास बारीपाड्याची झाडी ठाऊक असण्याचें कारण नाहीं. आम्हांसही ती पायडल मारीत गेलों नसतों तर ठाऊक झाली नसती.

साक्रीजवळ दातर्ती नांवाचें गांव आहे. 1884 सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नुकताच रुजूं झालेला एक तेवीस वर्षांचा इंजिनियर तेथें नदीच्या पात्राखालून नळानें पाणी पलीकडे नेण्याच्या कामावर आला होता. पुढें भारतरत्न झालेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या ते हेच. धुळ्याच्या पावसाळ्यांतील ह्या पहिल्या कामाची आठवण त्यांनीं उतारवयांत लिहिलेल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. पुतणी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे; दातर्तीस ती बराच वेळ नदीच्या कांठीं उभी राहिली.

परततांना एका गांवाबाहेर पाटाचें पाणी रस्त्याच्या कडेनें खळखळत चाललें होतें. एक साठीचा गृहस्थ खांद्यावर फावडें घेऊन उभा होता. फड चालूं आहे काय, असें विचारलें. “चालू शे,” तो म्हणाला. वरचा शेतकरी रात्रीं चोरून चारी फोडीत नाहीं काय, ह्या भाच्याच्या प्रश्नावर तो हंसला व म्हणाला, “फोडस. मी बुजस.” मग त्यानें एका चारीचें तोंड दगडमातीनें बंद केलें, दुसरीचें मोकळें केलें, आणि आम्हांस दाखवून म्हणाला, “आज आठे, सकाय तठे.” पाणी क्षणभर थांबलें, घुटमळलें आणि नव्या वाटेनें गव्हाच्या वाफ्यांत शिरलें. वाट ओली झाली होती. आम्ही सायकली उचलून पाट ओलांडला.