दिंडी

घरचें माणूस दाराबाहेर ताटकळलें, कीं आपला राग चोरावर नव्हे, दारावर निघतो. परवां माझेंही तसेंच झालें.

विंडोज १० चें नेहमीचें पाठबळ मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. म्हणून मीं आमच्या सदाशिव पेठेंतल्या घरचा संगणक ११ व्या आवृत्तीवर नेला. दुसऱ्या दिवशीं कन्येच्या लॅपटॉपला माझ्या संगणकास जोडलेला प्रिंटर सांपडेना. फायरवॉल म्हणजे कोणास आंत घ्यावें नि कोणास नाहीं हें ठरविणारा संगणकाचा द्वारपाल. तो घरच्यांनाच अडवूं लागला होता. दोन तास खटपट करून मीं वैतागलों आणि त्या द्वारपालाला सरळ रजा दिली. प्रिंटर तत्काळ चालूं लागला. स्वतःच्या बुद्धीचें मला कोण कौतुक वाटलें!

आठ दिवसांनीं वरच्या मजल्यावरचा भाडेकरू विद्यार्थी सहज खालीं आला. आमचें वाय-फाय तो व त्याचे तिघे सोबती वापरतात. पडद्यावरील लाल खूण पाहून तो म्हणाला, "सर, हें बंद कां? नव्या आवृत्तीनें घरचें नेटवर्क 'पब्लिक' धरलें असेल. तें 'प्रायव्हेट' केलें कीं झालें." दोन मिनिटांत त्यानें तेवढा बदल केला, फायरवॉल चालू केली, आणि प्रिंटरही चालला. आपण घरीं आहोंत कीं रेल्वे स्टेशनावर, एवढेंच त्या संगणकाला उमगलें नव्हतें!

तो गेल्यावर मात्र मला घाम फुटला. त्याच संगणकांत सत्रपरीक्षेची प्रश्नपत्रिका होती. आणि ती ज्या फोल्डरांत होती, तें कन्येच्या सोयीसाठीं मींच सामायिक केलें होतें. वरचे चौघेही माझ्याच वर्गांतले! त्यांनीं तिकडे पाहिलेंही नसेल. पण 'नसेल' या शब्दाच्या भरंवशावर परीक्षा घेतां येत नाहीं. माझ्या मदतीला धांवून आलेल्या मुलावर संशय घेण्याची पाळी माझ्याच आळसानें माझ्यावर आणली होती. त्या रात्रीं जागून मीं नवी प्रश्नपत्रिका काढली.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. आणि त्याच्याच एका फळींत माणूस वाकून आंत जाईल एवढी दिंडीही आहे. घरचीं माणसें आंत घेण्यासाठीं सबंध दरवाजा उघडा टाकायचा नसतो, हें पेशवाईंतल्या सुताराला ठाऊक होतें. मला तें कळावयास एकच प्रश्नपत्रिका दोनदां काढावी लागली.