तांबीच्या पिसवा

तांबी खाजवते आहे हे मला आषाढातच दिसलं होतं. शेपटीच्या मुळाशी ती दातांनी सारखी कुरतडत असायची. तिथले केस विरळ झाले होते, आणि ते बाजूला सारले की कातडीवर मिरपूड सांडावी तशी काळी घाण दिसायची. ती मी माती समजले. चिपळूणचा पाऊस, शेणाने सारवलेली पडवी आणि त्यात दिवसभर लोळणारी कुत्री. मातीच असणार, असं मनाशी ठरवून मी कामाला लागले. पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीच घाण ओल्या पांढऱ्या कापसावर घेऊन दाखवली. कापसावर तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे तांबीचंच रक्त. एवढी साधी परीक्षा घरच्या कापसाने मला केव्हाही करता आली असती.

पिसवा डोळ्यांना दिसायला लागल्या तेव्हा सासूबाईंनी सीताफळाच्या बियांची आठवण काढली. त्यांच्या लहानपणी डोक्यातल्या उवांवर हाच उपाय असे. मी बिया वाटून तेलात कालवल्या आणि तांबीच्या पाठीला, मानेला चोळल्या. तिने अंग झटकलं, पंजाने तोंड पुसलं आणि ते तेल तिच्या डोळ्यांत गेलं. दोन्ही डोळे लाल झाले, ती उजेडाकडे बघेना. या बियांनी डोळ्याच्या बुबुळाला इजा होते हे मी आधी कुठे तरी वाचलेलं होतं, पण घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं आणि मी केलं. दोष सासूबाईंचा नाही. वाटणारा हात माझा होता.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं.

गोठ्यात गुरांच्या गोचिडांवर फवारायचं सायपरमेथ्रिन होतं. गाईंना त्याचा गुण आलेला मी पाहिला होता. गोचीड जातं तर पिसूही जाईल, गाईला चालतं तर कुत्रीलाही चालेल, असा माझा हिशोब. बाटलीवर पाण्यात किती मिसळायचं ते लिहिलेलं होतं. मी झाकणाने मोजलं, आणि पिसवा फार आहेत म्हणून थोडं जास्तच घातलं. फडक्याने तांबीचं सगळं अंग त्या पाण्याने पुसून काढलं. तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पण थोड्या वेळाने ती शांत झाली आणि तिच्या केसांतून मेलेल्या पिसवा जमिनीवर पडायला लागल्या. मला समाधान वाटलं.

आमची मांजर, चिंगी, पावसाळ्यात तांबीच्या पोटाशी झोपायची. त्या संध्याकाळीही झोपली. मांजर ती, दुसऱ्याचं अंग चाटायचं, मग आपलं अंग चाटायचं. हे मी रोज बघत होते. बाटली हातात घेताना मात्र ते मला आठवलं नाही.

रात्री चिंगीचे कान फडफडायला लागले, मग पाय, मग सगळं अंग थरथरायला लागलं. तिला उभं राहता येईना. आम्हाला वाटलं काही विषारी खाल्लं असेल, पाल किंवा बेडूक. बाहेर पाऊस कोसळत होता. ह्यांनी गाडी काढू का म्हणून विचारलं, मी म्हणाले, उजाडू दे. तिला गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसले. पहाटेच्या आधीच ती गेली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन या जातीची औषधं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत, ती अंगात साठतात आणि मज्जातंतूंवर हल्ला करतात. जो अंश कुत्र्याला सोसतो तोच मांजराचा जीव घेतो. मी तिला लगेच साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुऊन काढलं असतं आणि त्याच रात्री दवाखान्यात नेलं असतं, तर झटके थांबवायची औषधं देता आली असती. वाचली असतीच असं ते म्हणाले नाहीत. संधी होती, एवढंच म्हणाले.

तांबीलाही त्यांनी तपासलं. तिच्या शेपटीखाली चिकटलेले पांढरे तुकडे पट्टकृमीचे होते. खाजवताना कुत्रं पिसू गिळतं आणि त्या पिसवेतूनच हा जंत पोटात जातो. लहान मुलाच्या हातून पिसू तोंडात गेली तर मुलालाही होऊ शकतो. जंताची गोळी दिली. पिसवांसाठी फिप्रोनिलचे थेंब दिले, तिच्या वजनाप्रमाणे. दोन खांद्यांच्या मध्ये केस फाकवून थेट कातडीवर सोडायचे, आणि आधी दोन दिवस व नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही. गणपती जवळ आले होते, मुंबईची मंडळी यायची होती. कुत्रीला वास येतो म्हणून मी थेंब घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला साबण लावून धुतलं. औषध कातडीच्या तेलात पसरायच्या आधीच निम्मं वाहून गेलं असणार.

तरीही पिसवा कमी दिसत होत्या. मी निश्चिंत झाले.

पाहुण्यांसाठी माडीवरची खोली उघडली. आषाढातल्या झडीत तांबी तिथेच झोपायची, जुन्या गोणपाटावर. नंतर मी ती खोली बंद करून ठेवली होती. तिथली जमीन फळ्यांची, फळ्यांमध्ये फटी. पोरं वर धावत गेली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या घोट्यांवर लाल गांध्या उठल्या. पायांवर पिसवा उड्या मारताना उघड दिसत होत्या. जिथे कितीतरी दिवस एकही जनावर नव्हतं, तिथे एवढ्या पिसवा आल्या कुठून, मला कळेना. मुंबईहून आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी प्लेगचं नाव काढलं. आमच्या भागात अजून घराघरांतून प्लेगच्या वेळी रानात खोपटी बांधून राहिल्याच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे सगळे गप्प झाले. मी रडकुंडीला येऊन डॉक्टरांना फोन केला.

प्लेगची भीती त्यांनी आधी काढली. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवलं, आणि ते सगळ्यांना पटायला पुढे काही वर्षं गेली. पण ती उंदराची पिसू, जात वेगळी. कुत्र्यांवर बहुतेकदा सापडते ती मांजराच्या नावाने ओळखली जाणारी पिसू. मग ते म्हणाले, "काकू, औषध तुम्ही कुत्रीला दिलंत. पिसवा घरात आहेत."

हे वाक्य मला आषाढात कोणी सांगितलं असतं तर! एक मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रं जिथे बसेल, उठेल, अंग झटकेल तिथे गळतात. त्यातून अळ्या निघतात, त्या उजेड टाळून फटीत, गोणपाटाखाली, सारवणाच्या भेगांत शिरतात आणि वरून गळणारी ती काळी विष्ठा खाऊन वाढतात. दमट हवा त्यांना मानवते, आणि कोकणातल्या पावसाळ्याइतकी दमट हवा कुठे मिळणार? मग अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते. त्यावर धूळ बसते, तो दिसत नाही, आणि त्यात बहुतेक औषधं शिरत नाहीत. आतली पिसू तयार होऊनही महिनोन् महिने थांबू शकते. पावलांची कंपनं, अंगाची ऊब, श्वासातला वायू जाणवला की ती बाहेर उडी घेते. माडीवर पोरं धावली, तेव्हा तेच झालं. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या सगळ्या पिसवांच्या शंभरातल्या जेमतेम पाच. बाकी पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन जमिनीवर पडलेल्या असतात. मी त्या पाचांच्या मागे लागून तांबीचे डोळे दुखवले आणि चिंगी गमावली.

गणपतीचं विसर्जन झाल्यावर आम्ही घर धरलं. गोणपाटं जाळली. गोधड्या उकळत्या पाण्यात बुडवून उन्हाची तिरीप मिळेल तशा वाळवल्या. मुलाने पुण्याहून व्हॅक्यूम क्लीनर आणला. त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि त्यातच ओढल्या जातात, म्हणून फळ्यांच्या फटींवरून तो रोज फिरवला. त्यातला कचरा दर वेळी पिशवीत बांधून बाहेर नेला. पडवीतलं जुनं सारवण खरवडून काढलं. तांबीला थेंब महिन्याच्या महिन्याला, या वेळी आंघोळीचे दिवस पाळून. रोज संध्याकाळी मी उवांच्या बारीक फणीने तिला विंचरायची आणि फणीत आलेलं साबणाच्या पाण्यात बुडवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी काही आठवडे नव्या पिसवा दिसतील, कोष फुटत राहतील, धीर सोडून औषध बदलू नका. ते सांगितलं नसतं तर मी पुन्हा कुठली तरी बाटली उचलली असती. दिवाळी होऊन गेली आणि फणीत काही येईनासं झालं. तरी थंडीभर थेंब चालू ठेवले.

तांबीचे केस परत आले. फडकं आणि बालदी दिसली की ती आजही उठून अंगणाच्या टोकाला जाते. फणीला मात्र येते, म्हणून तिचं सगळं मी फणीनेच करते.

गेल्या पावसाळ्यात शेजारची सून आमच्या गोठ्यातली तीच बाटली मागायला आली. तिच्या कुत्र्याला पिसवा झाल्या होत्या. मी बाटली दिली नाही. घरात मांजर आहे का, विचारलं. होती, दोन पिल्लं घातलेली. कुत्रं झोपतं कुठे, विचारलं. ओटीवर, झोपाळ्याखाली. मी तिच्याबरोबर गेले, झोपाळ्याखालचं पोतं आम्ही दोघींनी काठीने उचलून चुलीत घातलं, आणि मग डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला.