पोटात कळ म्हणून दीड दिवस घालवला

घरातली गोष्ट आहे, पण गावाच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितोय.

माझी पुतणी तेव्हा सात महिन्यांची होती. एका दुपारी अचानक कळवळून रडायला लागली. पाय पोटाशी घ्यायची, थोड्या वेळाने गप्प. वीस-पंचवीस मिनिटांनी परत तेच. मधे इतकी शांत की वाटायचं, राहिलं आता. आईने दृष्ट काढली, बेंबीला हिंग लावला. उलट्या सुरू झाल्यावर एका दवाखान्यात नेलं. शीमध्ये रक्त आणि शेंब दिसली, तर आव म्हणून औषध दिलं. सोनोग्राफीचं तिथे कोणी बोललं नाही, अन् मीही विचारलं नाही. सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची, एवढंच आपल्या डोक्यात.

दुसऱ्या रात्री पोरगी मलूल पडली. गाडी करून संभाजीनगर गाठलं. डॉक्टरांनी पोटावर जेली लावून मशीन फिरवलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, आतड्यात आतडं शिरलंय. पडद्यावर कापलेल्या कांद्यासारखी एकात एक वर्तुळं दिसत होती. सदऱ्याची बाही आत ढकलावी तसं आतडं आत सरकतं आणि त्याचा रक्तपुरवठा दाबला जातो. लवकर कळलं तर शीच्या जागेतून हवा किंवा सलाईन सोडून बहुतेक वेळा ते सुटतं, पोट उघडावं लागत नाही. आम्ही उशिरा पोचलो. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. पोरगी वाचली.

यात एक्स-रे सुरुवातीला साधा दिसू शकतो. सोनोग्राफीत ना सुई, ना एक्स-रेची किरणं, आणि सराव असलेल्या डॉक्टरांच्या नजरेतून हे सहसा सुटत नाही.

गर्भलिंग तपासणीविरुद्धचा १९९४ चा कायदा हवाच, मशीनची नोंदणीही हवी, त्यात ढिलाई नको. पण बाळाचं पोट तपासायला तो आडवा येत नाही. अडचण रात्रीची आणि रविवारची आहे. आपल्या पिंपळगावची मिरची रातोरात ट्रक भरून परराज्यात जाते, अन् आजारी लेकराला घेऊन आपण कुठे जायचं ते विचारत फिरतो. भोकरदन, जालना, संभाजीनगर, कुठे कोणत्या वेळी लहान बाळाची सोनोग्राफी होते ते फोन नंबरसकट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, या.

तोवर कोणाचं बाळ थांबून थांबून कळवळत असेल, हिरवी उलटी किंवा रक्ताची शी होत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "आतडं अडकलं नाही ना? सोनोग्राफी करायची का?"