बावट्याचा नेफा

झरीची सभा आमच्या पिढीने फक्त ऐकली. २३ मे १९४५. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आता तलासरीत. हजारो वारली जमले. लाल बावट्याचे पुढारी गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. ठरलं की रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात उतरायचं नाही, वेठ करायची नाही. हे सांगताना पुरुषांचा आवाज चढे. आज्यांना मात्र त्या वर्षाचं कापड आठवायचं. लढाईचे दिवस, कापडावर नियंत्रण, एकाच लुगड्याला ठिगळावर ठिगळ.

ठिगळंही लावून संपली की त्या लुगड्याची गोधडी. भात झोडून झालं की सारवलेल्या खळ्यात थर पसरायचे, चार बाजूंना चौघी बसायच्या. दोरा जुन्या काठातलाच उपसलेला. धावदोरा कडेकडून आत सरके, तशा बायाही आत सरकत. मधे येईपर्यंत गुडघ्याला गुडघा लागे नि बोलणं आपसूक हळू होई. कुणाचा नवरा मारतो, कुणाचं कर्ज फिटत नाही, ते तिथेच कळायचं.

जिचं मूल गेलंय तिला कुणी समजावत बसत नसे. हातात सुई द्यायची, जागा करून द्यायची, बस. ती दुपारभर मुकाट टाके घाली, दोरा ओढून ओढून. आमच्याकडच्या एका गोधडीचा एक कोपरा नुसता चुण्यांचा होता. तो कुणी उसवला नाही.

बावटे शिवायचं कामही याच हातांकडे आलं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्यात वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे गेले. तो दिवस दर वर्षी पाळतात. आमच्या लहानपणी आदल्या रात्री लाल कापड घरी येई. तीन कडांना तुरपाई आणि चौथ्या कडेला काठी जाईल एवढा नेफा. परकराला घालतात तसाच, फक्त नाडीऐवजी बांबू. आजी काठी घालून, झटकून बघायची. नेफा सैल वाटला की पुन्हा टाके. सभेत तिला भाषण करायला कुणी सांगितल्याचं मात्र ऐकलं नाही.

चित्रांचंही तसंच. लग्नाचा चौक सुवासिनींनीच लिहायचा, तरी वारली चित्रांचं नाव जगात झालं ते डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. २०११ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती रास्तच होती. गोधडीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. अंगाखाली अंथरतात ना ती!

२०१८च्या मार्चमध्ये त्याच लाल बावट्याखाली नाशिकहून शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले. टीव्हीवर लाल टोप्याच टोप्या. बघताबघता काकी म्हणाली, “शिलाई कुणी मारली गो? दोरे लोंबतायत.”