शेवटच्या टोकाचं नाणं

अब्बा मिरजेला रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रुळांच्या जोडपट्ट्यांचे बोल्ट तपासत मैलोन्‌मैल चालायचे. त्यामुळे रेल्वेचं वेड घरात जुनंच. पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आल्यापासून ते माझ्या धाकट्यालाही लागलं. मग जर्मनीतल्या माझ्या मावसभावाने ईदला येताना दोन इंजिनं, डबे, रूळ आणि डिजिटल कंट्रोलर आणला.

माझी समजूत साधी होती. वीज वाढवली की गाडी पळते, कमी केली की थांबते. जुन्या खेळण्यांत तसंच असायचं आणि एका रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदमच पळायच्या. धाकट्याने मला समजावलं, "अब्बू, यात रुळांवर वीज कायम पूर्ण असते, पंधरा व्होल्टच्या आसपास. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. त्या ठोक्यांच्या लांबीत हुकूम लिहिलेला असतो. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर एक, १०० चा असला तर शून्य. इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबराचा हुकूम मानतो."

नव्या डिकोडरचा नंबर कारखान्यातून ३ असाच येतो. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही इंजिनं एकाच हुकमावर निघाली. एकाला नवा नंबर दिला, तेव्हा कुठे दोघांची वाट वेगळी झाली.

खरी अडचण पुढे आली. दोन टेबलं जोडून केलेल्या मार्गाच्या पार टोकाला गाडी मंदावायची, अडखळायची. मी म्हणालो, "मोठा पॉवर सप्लाय आणू." धाकटा म्हणाला, "नको. वीज आपण एकाच जागी देतोय. प्रत्येक जोडपट्टी थोडी थोडी खाते." मग त्याने खिशातलं नाणं काढून टोकाच्या दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं. असं शॉर्टसर्किट झालं की बूस्टरने तत्क्षणी बंद पडायला हवं. तो पडला नाही. दिवा निवांत जळत राहिला. धाकट्याने घाईघाईने नाणं काढलं, ते गरम झालं होतं. "वाटेत इतका अडथळा आहे की इथली गडबड तिथपर्यंत पुरेशी पोचतच नाही," तो म्हणाला. "मोठा सप्लाय लावला असता तर प्लॅस्टिक वितळलं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. मला आठवीच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी आठवत होती. उर्दू शाळेतून आमच्या मराठी वर्गात आली होती. कधी दंगा नाही, कधी तक्रार नाही. मी फळ्यापाशी आवाज चढवून शिकवत होतो, पुढच्या रांगा माना हलवत होत्या आणि मला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय. दिवाळीनंतर ती आलीच नाही. दोन्ही भाषा शिकवणारा मी, तिला एकदाही तिच्या भाषेत विचारलं नव्हतं, "बेटी, समझ में आ रहा है?"

पुढचे दोन रविवार आम्ही टेबलाखाली घालवले. दोन जाड तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेल्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारा डाग देऊन त्यांना जोडल्या. सप्लाय तोच ठेवला. पुन्हा टोकाला नाणं ठेवलं. टक्‌ आवाज झाला आणि बूस्टर बंद पडला. एखादी गोष्ट बंद पडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या अम्मीने चहा दिला. मुलगी दाराआड उभी होती. मी उर्दूत बोललो, थोडंच बोललो. ती येईल की नाही, अजून सांगता येत नाही. पण निघताना तिने दाराआडूनच विचारलं, "सर, कौनसा सबक चल रहा है?"

आज पुन्हा जाणार आहे. पुस्तक पिशवीत ठेवलंय.