आकाशातली नोकरी, जमिनीवरचा जोडधंदा

मुंबईच्या विमानतळाजवळच्या एका उपनगरात मी गेली अनेक वर्षे कौटुंबिक वैद्य म्हणून काम करीत आहे. या वस्तीत विमान कंपन्यांत नोकरी करणारी पुष्कळ माणसे राहतात. वैमानिक स्वतः माझ्याकडे क्वचित येतात, कारण त्यांची नियमित तपासणी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या परीक्षकांकडे होते. त्यांचे आईवडील मात्र वारंवार येतात. रक्तदाब मोजून झाला, साखरेचा अहवाल पाहून झाला, की खुर्चीतून उठता उठता मुलाचा किंवा सुनेचा विषय निघतो. अलीकडे या विषयाला एक नवी बाजू जोडली गेली आहे. ती म्हणजे वैमानिकाचा जोडधंदा.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला. "डॉक्टर, नियमानुसार याला वर्षभरात हजार तासांपेक्षा जास्त उड्डाण करताच येत नाही. म्हणजे दिवसाला तीन तासही पडत नाहीत. सकाळी अकरा वाजता पाहावे तर हा पडदे ओढून झोपलेला. घराचे हप्ते आहेत, प्रशिक्षणाचे कर्ज आहे. एवढा मोकळा वेळ आहे, तर चार पैसे मिळतील असे काही का करू नये?"

काकांचे गणित चूक नव्हते. सलग ३६५ दिवसांत १,००० तास ही मर्यादा खरीच आहे. परंतु हे तास विमान हलल्यापासून ते थांबेपर्यंतचे असतात. उड्डाणापूर्वी तासभर आधी हजर होणे, त्यासाठी पहाटे तीन वाजता उठणे, धुक्यामुळे विमानातच खोळंबून राहणे, परगावी मुक्काम करणे, आणि ‘स्टँडबाय’च्या दिवशी फोनकडे कान लावून घरात बसणे, यांतले काहीही त्या हजारांत धरले जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अकरा वाजता झोपलेला मुलगा रिकामा नसतो. तो आपल्या नोकरीचाच एक भाग पार पाडीत असतो.

हे वाक्य काकांना पटायला थोडा वेळ लागला. आपल्या पिढीला झोप म्हणजे कामातून उरलेला वेळ असे वाटते. विमान वाहतुकीत मात्र झोपेला कायद्याचे संरक्षण आहे. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांत वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर नेली आणि तिच्यात दोन पूर्ण रात्री असाव्यात असे सांगितले. ही वाढ जुलै २०२५ पासून लागू झाली. यामागे शरीरशास्त्राचे साधे कारण आहे. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. पहाटे दोन ते सहा हा त्या घड्याळाच्या सर्वांत मंद चालीचा काळ. त्या वेळी शरीराचे तापमान उतरलेले असते, लक्ष विचलित होते आणि चुका वाढतात. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेइतकी सलग किंवा गाढ होत नाही. म्हणून रात्री काम केलेल्या माणसाला दिवसा आठ तास अंथरुणात घालवूनही पाच-सहा तासांचीच झोप पदरात पडते.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी नेहमी सांगतो. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची हाताची व लक्षाची अचूकता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेतलेला, पण सतरा तास न झोपलेला माणूस त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या चालकासारखा वागू शकतो. मद्यासाठी वैमानिकाची श्वासचाचणी होते. अपुऱ्या झोपेसाठी तसे यंत्र नाही. तिथे त्याची स्वतःची सचोटी आणि घरच्यांची समज, एवढ्याच दोन गोष्टी कामी येतात.

याचा अर्थ वैमानिकाने जोडधंदा करूच नये असा मात्र नाही. उलट, डॉक्टर म्हणून मला त्याची एक निकड दिसते. या पेशात पोट भरण्याचे साधन हातातल्या कौशल्याइतकेच वैद्यकीय प्रमाणपत्रावर अवलंबून असते. मूतखडा आढळला, तरी त्याचा निकाल लागेपर्यंत उड्डाण थांबू शकते. हृदयाच्या आलेखातील एखादा बदल, एकदाच आलेली फेफऱ्यासारखी झटक, किंवा इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह, यांमुळे इतर नोकऱ्यांत फार तर काही दिवसांची रजा पडते. येथे संपूर्ण कारकीर्द थांबू शकते. शिवाय मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशांतर्गत विमाने दोन महिने जमिनीवर उभी राहिली, तेव्हा प्रकृती ठणठणीत असलेल्या वैमानिकांच्याही पगाराला कात्री लागली होती. ज्याचे एकच इंजिन आहे, त्याने दुसऱ्याची सोय करावी हे शहाणपणाचेच आहे. प्रश्न आहे तो कोणते काम निवडायचे आणि ते केव्हा करायचे याचा.

माझ्या परिचयातील दुसऱ्या एका घरात या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले गेले होते. सह-वैमानिक असलेला मुलगा, वडील हयात नाहीत, आई बहात्तर वर्षांची. कर्जाचे हप्ते लवकर फेडावेत म्हणून मुलाने वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकावरून शिकवायला सुरुवात केली. हवामानशास्त्र, दिशाशोधन आणि विमान नियम हे परवाना परीक्षेचे विषय त्याला चांगले अवगत होते. काम उत्तम होते, पण वेळ चुकीची होती. विद्यार्थी दिवसा महाविद्यालयात, त्यामुळे वर्ग रात्री नऊ ते साडेअकरा असा आठवड्यातून पाच दिवस ठरला. दुसऱ्या दिवशी पहाटेचे उड्डाण असले, तरी वर्ग चुकवता येत नव्हता, कारण फी आधीच घेतलेली होती.

एके दिवशी त्या काकू स्वतःची औषधे संपली म्हणून आल्या. पंधरा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या दहाव्याच दिवशी संपल्या होत्या. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलाला झोप लागत नाही हो. जेवताना डुलक्या घेतो आणि अंथरुणावर पडला की डोळे टक्क उघडे. म्हणून माझी झोपेची अर्धी गोळी त्याला देणार होते. बाजूला काढून ठेवल्यात. आधी तुम्हाला विचारावे म्हटले."

त्यांनी विचारले ही फार मोठी गोष्ट झाली. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळी जाग आल्यावर संपतोच असे नाही. जाग आलेल्या माणसाला आपण तरतरीत आहोत असे वाटते, आणि तरीही त्याच्या प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात. हीच गोष्ट सर्दी-खोकल्याच्या अनेक साध्या औषधांची. विमान वैद्यकाचे ज्ञान असलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वैमानिकाने असे कोणतेही औषध घेऊ नये. घरातील ज्येष्ठांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण प्रेमाने देतो त्या द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत स्वाभाविकपणे तयार झालेले मद्य असते, आणि काही होमिओपॅथिक अर्क मद्यातच बनवलेले असतात. डीजीसीएने २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमांत तर मद्यांश असलेले माउथवॉशही वापरू नये असे म्हटले आहे. श्वासचाचणीत पहिल्यांदा दोषी आढळल्यास परवाना तीन महिने निलंबित होतो. खोकल्यावर आईने दिलेला एक चमचा एवढा महाग पडू शकतो.

त्या मुलाला मी भेटायला बोलावले. गोळी दिली नाही. रोस्टर आणि शिकवणीचे वेळापत्रक एकाच कागदावर मांडायला सांगितले. त्याने ते माझ्यासमोरच लिहिले आणि लिहिता लिहिता थांबला. आठवड्यातील तीन रात्री त्याच्या झोपेला साडेतीन तासांपेक्षा अधिक जागाच उरत नव्हती. निद्रानाश हा त्याचा आजार नव्हताच. झोपेला वेळ नव्हता, आणि जो थोडा वेळ होता त्यात शिकवण्याची उत्तेजना, पडद्याचा प्रखर उजेड आणि रात्री दहाला घेतलेली कॉफी आड येत होती. कॅफीनचा साधारण निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात उरतो.

त्याने शिकवणे सोडले नाही. पाठ सवडीने, सुटीच्या दिवशी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवायचे, आणि शंकांसाठी महिन्यातून ठरावीक बैठका घ्यायच्या; त्याही रोस्टर हाती आल्यावर ठरवायच्या, असा बदल केला. कंपनीची लेखी परवानगीही घेतली. बहुतेक नोकरीकरारांत बाहेरच्या कामासाठी ती आवश्यक असते, आणि पुष्कळ जण ही गोष्ट विसरतात. त्याचे उत्पन्न सुरुवातीला निम्म्यावर आले. कर्जाची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. काकूंना ते रुचले नव्हते. पण दोन महिन्यांनी रक्तदाब दाखवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता जेवताना बोलतो तरी."

अशा अनुभवांतून जोडधंद्याला लावायच्या तीन कसोट्या माझ्या मनाशी ठरल्या आहेत. पहिली, हे काम आज रात्री अचानक थांबवले तर कोणाचे नुकसान होईल का? होत असेल, तर ते अनियमित वेळांच्या माणसाचे काम नव्हे. रोज उघडावे लागणारे दुकान किंवा बाजार चालू असेतो नजर खिळवून करायची शेअर खरेदी-विक्री यांत बसते. दुसरी, हे काम विश्रांतीचे तास खाते की खऱ्या सुटीचे? आणि तिसरी, उद्या उड्डाण थांबले तर हे काम पुढे वाढू शकेल का? लेखन, भाषांतर, छायाचित्रण, तांत्रिक विषयांचे अध्यापन, माणूस ठेवून केलेली फळबाग, अशी कामे या तिन्ही कसोट्यांवर बरीचशी उतरतात. मार्क व्हॅनहोएनॅकर हे ब्रिटिश एअरवेजचे वैमानिक. नोकरी करता करता त्यांनी उड्डाणाविषयी लिहिलेले ‘स्कायफेअरिंग’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि जगभर वाचले गेले. आपल्याकडचे उदाहरण तर कांदिवलीतले. वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. त्यामागे अनेक वर्षांची खटपट होती. आठवड्याच्या मुदतीत पुरे करायचे ते काम नव्हतेच, आणि बेभरवशाच्या वेळांशी जमवून घेणारे काम बहुधा असेच संथ असते.

एका कामाची गणना मात्र कोणीच जोडधंद्यात करीत नाही. ते म्हणजे घरातील वृद्धांची सेवा. रात्रीचे उड्डाण करून आलेला मुलगा दिवसा घरी असतो, म्हणून वडिलांना तपासणीला नेणे, बँकेत जाणे, फिजिओथेरपीला सोडणे ही कामे त्याच्यावर येतात. घरी दिसणारा माणूस मोकळा आहे असे सर्वांनाच वाटते. ही सेवा त्याने करावीच, पण तीसुद्धा रोस्टर पाहून. महिन्याचे रोस्टर स्वयंपाकघरात लावावे, डॉक्टरांच्या भेटी त्याच्या सुटीच्या दिवशी ठरवाव्यात, आणि त्याच्या झोपेच्या वेळेत दारावरची घंटा बंद ठेवावी. कुकरची शिट्टी टाळता येत नसेल, तर निदान त्याच्या खोलीचे दार लावून घ्यावे. जाड पडदे, थंड खोली आणि बाहेर ठेवलेला फोन यांचा उपयोग माझ्या कोणत्याही गोळीपेक्षा अधिक होतो. आणि कामावर निघताना त्याने "आज मला बरे वाटत नाही, मी कळवतो" असे म्हटले, तर घरातून पगाराची आठवण करून देऊ नये. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण नाकारणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. त्याच्या मागे शे-दीडशे माणसे पट्टा बांधून बसलेली असतात.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वैमानिकांपेक्षा अधिक संख्येने येतात त्या घराघरांतल्या सुना, लेकी आणि वृद्ध जोडीदार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रात्री तीनदा कूस बदलणारी, पहाटे त्याला लघवीला नेणारी आणि दिवसा शिवणकाम किंवा शिकवण्या करून संसाराला हातभार लावणारी बाई, हीसुद्धा अनियमित वेळांची नोकरीच करीत असते. तिला महासंचालनालय नाही, रोस्टर नाही आणि ४८ तासांची सुटीही नाही. वैमानिकाला कायद्याने जे दिले, ते तिला घरच्यांनीच द्यायला हवे. आठवड्यातून दोन पूर्ण रात्री दुसऱ्या कोणीतरी रुग्णाजवळ झोपावे आणि तिला दुसऱ्या खोलीत निजू द्यावे. दोन जमत नसतील, तर एका रात्रीपासून सुरुवात करावी.